८५० रुपयांचं ओबीडी डबडं, नऊ महिने वापरल्यानंतर

आधी गाडी सांगतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, ९४ हजार किलोमीटर झालेत. राहायला पुण्यात आणि गाव कराडजवळ, त्यामुळे महिन्यातून दोनदा हायवे ठरलेला. गेल्या जुलैत ऑनलाईन ब्लूटूथवालं ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड फोनवर दाखवणारं यंत्र) मागवलं, ८५० ला पडलं, काडेपेटीहून जरासं मोठं. आपल्याकडे बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी २ आलं, म्हणजे त्यानंतरची कार असेल तर स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ वाकून बघा, सोळा पिनांचं सॉकेट सापडेल. मला ते सापडायला दहा मिनिटं लागली आणि मान अवघडली ती वेगळीच.

मागवायचं कारण असं झालं की पावसात गाडी चिखलाने बरबटली होती म्हणून वॉशिंग सेंटरला दिली, तो म्हणाला इंजिनवर पण पाणी मारून देऊ का, मी म्हटलं मार. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप नाही, सिग्नलला उभी असताना सगळी थरथरतेय आणि डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. ऑफिसजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली तर त्याने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि चारही कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देतात त्या), चारही प्लग बदला, नऊ हजार होतील असं सांगितलं. स्कॅन करा म्हटलं तर त्याचे पाचशे वेगळे. रागाच्या भरात त्याच रात्री डबडं ऑर्डर केलं, ते यायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस मी तशीच गाडी ऑफिसला नेली. ही चूक लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

जोडणं सोपं आहे, इग्निशन ऑन करायचं, फोनच्या ब्लूटूथमध्ये शोधायचं, पिन १२३४ नाहीतर ००००. बायकोच्या आयफोनला मात्र हे जोडलं गेलंच नाही, आयफोन असेल तर वायफायवालं किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलं घ्या. ॲप फुकट मिळतात, जाहिरातींचा त्रास होतो तेवढाच.

ॲपमध्ये बिघाडाचा कोड आला पी०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा प्रकार, पुढचं ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, त्यानंतरचा ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), शेवटचे ०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. चार सिलिंडरपैकी एक! मग चार कॉईल कशाला? रविवारी आमच्या मामांकडे गेलो (मामा म्हणजे नात्यातले नाहीत, गावाकडचे मिस्त्री, सगळा तालुका मामाच म्हणतो). त्यांनी तीन नंबरची कॉईल उपसली तर प्लगच्या खड्ड्यात चक्क पाणी, चहाच्या कपात तळाला उरतं तेवढं. हवा मारून सुकवलं, गाडी जरा सुधारली पण चढावर परत मिसिंग. मग तीनची कॉईल दोनला आणि दोनची तीनला घातली, कोड पुसला, एक चक्कर मारून आलो. आता कोड आला पी०३०२. कॉईलबरोबर फॉल्टही शेजारी राहायला गेला, म्हणजे कॉईलच गेलेली, बाकी तीन ठणठणीत. तिचा खालचा रबरी बूट चिरलेला होता, तिथूनच पाणी शिरत होतं. एक कॉईल, चार प्लग (जुने होतेच आणि एकाला गंज चढलेला), मजुरी सगळं मिळून तीन हजारांच्या आत. डबड्याचे पैसे तिथेच फिटले असं मी बायकोला सांगितलं आणि तिनेही ऐकून घेतलं.

यात एक धडा असा की कोड आला की लगेच पुसू नका. फॉल्ट झाला त्या क्षणाचे आकडे गाडी साठवून ठेवते, ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम म्हणून दिसतं, आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन गार होतं की तापलेलं. कोड पुसला की तेही जातं आणि मिस्त्रीला सांगायला काही उरत नाही. आधी स्क्रीनशॉट, मग बाकीचं.

पण ज्यासाठी घेतलं त्यापेक्षा मला जास्त उपयोग झाला तो कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा. माझ्या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाहीये, गार असताना निळा दिवा आणि तापली की लाल, मधलं काहीच कळत नाही आणि लाल येईपर्यंत खूप उशीर झालेला असतो. ॲपवर सरळ आकडा दिसतो. माझी गाडी हायवेला ८८ ते ९२ अंश, ट्रॅफिकमध्ये ९६-९७ ला जाते, रेडिएटरचा फॅन सुरू होतो, परत ९० ला येते. महिनाभर बघितलं की आपल्या गाडीची नाडी पाठ होते.

दिवाळीला गावी निघालो. खंबाटकी घाटात जॅम, पुण्याहून जाताना तेव्हा घाट चढावा लागायचा, बोगदा येतानाच मिळायचा. एसी चालू, गाडी इंच इंच सरकतेय, आकडा ९८, १०१, १०४. फॅनचा आवाज नाही. १०७ झाल्यावर एसी बंद केला, हीटर फुल केला (ऑक्टोबर हीटमध्ये हीटर, पोरं मागे बोंबलायला लागली पण हीटरमुळे इंजिनातली उष्णता आत येते, खरंच फरक पडतो) आणि जागा मिळताच कडेला घेऊन बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगतो. थोडं थंड होऊ दिलं, मामांना फोन लावला. ते म्हणाले, इंजिन चालू करून एसी लाव, फॅन फिरतोय का बघ. नाही फिरत. फ्यूज बघ. चांगला आहे. मग फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून फॅनचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढ, हॉर्नचा रिले तसाच असेल, अंगावरचा नंबर जुळतोय का बघ आणि तो तिथे घाल. घातला, आणि फॅन घुर्रर्र करून सुरू! आकडा बघता बघता ९३ वर आला. उरलेला घाट मी हॉर्नशिवाय चढलो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि काही बिघडलं नाही. साताऱ्यात रिले घेतला दीडशेला.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्या आठवड्यात सिग्नलला थांबलं की एसी गरम हवा मारायचा आणि पळायला लागली की गार. एका एसीवाल्याने गॅस कमी झालाय, भरून टाकू म्हणून सांगितलं होतं, दिवाळीनंतर भरणारच होतो. तो गॅस नव्हता, हाच फॅन होता. उभ्या गाडीत कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) वारा फॅनच घालतो, पळत्या गाडीत आपसूक मिळतो. तुमच्याकडे असं होत असेल तर गॅसचे पैसे द्यायच्या आधी एसी लावून पुढे जाऊन फॅन बघा.

आता शिव्या. गणपतीत गाडी पुण्यातच ठेवून भावाच्या गाडीने गेलो होतो, बारा दिवसांनी आलो तर सेल्फ मारल्यावर नुसतं टकटकटक. बॅटरी पार बसलेली. कारण सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनेला चावी काढली तरी करंट असतो आणि माझं डबडं तिथेच लाल दिवा लावून बसलेलं. बॅटरीही चार वर्षांची होती म्हणा, पण पाजी डबडंच. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावून चालू केली. तेव्हापासून काम झालं की उपटून ग्लोव्ह बॉक्समध्ये.

त्यातून एक सवय मात्र चांगली लागली, व्होल्टेज बघायची. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) नीट चार्ज करतोय. डिसेंबरात परत सकाळी सेल्फ जड व्हायला लागला, एकाने अल्टरनेटर काढावा लागेल म्हटलं, मी बघितलं तर चालू गाडीत १४.२ आणि सकाळी उभ्या गाडीत ११.९. बॅटरी बदलली, विषय संपला.

आणि हे काय करत नाही तेही ऐका. ब्रेकची किरकिर, सस्पेन्शनची कटकट, व्हील बेअरिंगची घूंऽऽ, क्लच घासलाय का, टायर का खातेय, यातलं त्याला काहीही कळत नाही. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या फुकटच्या ॲपमध्ये येत नाहीत. आमचे मेव्हणे आता कुठलाही आवाज आला की फोन करतात, ते मशीन घेऊन ये म्हणून. त्यांची बीएस ६ डिझेल आहे आणि रोजचं चालणं दुकान ते घर चार किलोमीटर, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारी जाळी) दिवा लागला होता. त्याला मशीन कशाला, म्हटलं गाडी जरा हायवेला काढा, अर्धा तास एका स्पीडने पळवा, काजळी जळून जाईल. गेला दिवा. तरी क्रेडिट डबड्यालाच.

आता ती जुलैतली चूक. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं, पण लुकलुकत असेल तर जोराचं मिसफायर चाललंय आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग, थोडक्यात कॅट) जाऊन तिथे जळतंय. हे मी नंतर वाचलं. गेल्या पंधरवड्यात कोड आलाय पी०४२०, कॅट नीट काम करत नाही. नवीन कॅटची किंमत विचारली आणि फोन ठेवून दिला. पण हाच कोड कॅटच्या आधी एक्झॉस्टचं जॉईंट लीक असलं तरी येऊ शकतो, त्यामुळे अजून आशा आहे. मामांना फोटो पाठवला तर म्हणाले, गाडी रात्रभर इथे उभी कर, सकाळी गार इंजिन चालू केलं की लीक असेल तर फटफट ऐकू येतं, तापल्यावर जॉईंट फुगून आवाज दबतो. शनिवारी रात्री नेऊन लावतोय. डबडंही घेऊन ये म्हणालेत, त्यांच्याकडे आणखी दोन गाड्या दिवा लागून उभ्या आहेत.