पुढच्या तीस वर्षांचा पाऊस धरायचा तर डेटा कोणता घ्यावा?

नाल्याची रुंदी ठरवणारा नगरपालिकेचा अभियंता, पाणलोटाचा आराखडा करणारी संस्था आणि बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात हवामान जोखमीचा रकाना भरणारी कंपनी, या तिघांनाही सल्ला एकच मिळतो: हवामान बदल लक्षात घ्या. कोणती फाइल उतरवायची, तिच्यातला कोणता आकडा धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. मग ज्याचा ग्रिड (नकाशावर आखलेली चौकोनांची जाळी) सर्वांत बारीक, तो डेटा उचलला जातो. ही चूक फार महागात पडते. खरं तर दोनच गोष्टींवरून निवड करावी: निर्णय किती वर्षं टिकायला हवा, आणि पाऊस तासाचा हवा, दिवसाचा हवा की हंगामाचा. महाराष्ट्रापुरते फुकट मिळणारे मुख्य पर्याय याच दोन कसोट्यांवर खाली तपासले आहेत.

मागचा पाऊस: हवामान विभागाचा ग्रिड की ईआरए५?

भारतीय हवामान विभागाच्या ग्रिडमध्ये १९०१ पासूनचा रोजचा पाऊस ०.२५ अंशाच्या चौकोनांत मिळतो. चौकोनाची बाजू साधारण २७ किमी. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा जुन्या नोंदी आणि मॉडेल एकत्र करून काढलेला रीअ‍ॅनालिसिस १९४० पासूनचा आहे, चौकोन तितकाच, पण आकडे तासातासाचे. त्याचा जमिनीपुरता भाऊ ईआरए५-लँड १९५० पासूनचा, साधारण ९ किमीचा.

पावसासाठी हवामान विभागाचाच ग्रिड घ्या. तो पर्जन्यमापकांच्या नोंदींवर उभा आहे. ईआरए५ मधला पाऊस मॉडेलने काढलेला असतो, आणि सह्याद्रीवरचा मुसळधार पाऊस त्यात कमी दिसतो. ९ किमीच्या चौकोनामुळे यात सुधारणा होईल असं वाटतं, पण ईआरए५-लँडचा पाऊस मूळ ईआरए५ मधूनच बारीक करून घेतलेला असतो. माहिती तेवढीच राहते, फक्त ठिपके वाढतात.

उष्णतेच्या बाबतीत पारडं उलटं झुकतं. हवामान विभागाचा तापमानाचा ग्रिड १ अंशाचा, म्हणजे बाजू सुमारे ११० किमी, आणि त्यात आर्द्रता नाही. कोकणात ३६ अंशही अंगावर येतात ते दमटपणामुळे. कामगारांच्या कामाच्या वेळा किंवा शाळांच्या छपरांचा निर्णय असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप, देणारा ईआरए५-लँड जास्त उपयोगी.

तरीही हवामान विभागाच्या ग्रिडची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंद झाली, तर कुलाब्याला ७३ मिमीच्या आसपास. दोन्ही केंद्रांमधलं अंतर एका चौकोनाच्या बाजूपेक्षा कमी आहे. असा दिवस चौकोनाच्या सरासरीत गेला की जो आकडा हाती येतो, तो सांताक्रूझचाही नसतो आणि कुलाब्याचाही नसतो. वॉर्डाच्या पातळीचा निर्णय ग्रिडवरून करू नये, त्याला जवळच्या केंद्राची मूळ नोंदच लागते. शिवाय ग्रिडमागच्या केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलत आली आहे. एकाच चौकोनाचा कल काढला, तर तो कधीकधी पावसाचा नसून केंद्रं बंद-चालू झाल्याचा असतो. कल काढायचा तर निदान जिल्ह्याच्या सरासरीवर काढा.

दोन्ही स्रोत शेजारी ठेवताना सर्वाधिक घोटाळा दिवसाच्या हद्दीत होतो. आपल्याकडचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि नोंद संपणाऱ्या तारखेवर पडते. म्हणून २६ जुलैचा पाऊस २७ तारखेच्या ओळीत दिसतो. ईआरए५ चालतो जागतिक वेळेवर, आणि आपले ८:३० म्हणजे तिथले ३:००. त्यामुळे ३ ते ३ असे २४ तास बेरजेला घ्यावे लागतात. पाऊस मीटरमध्ये असतो, म्हणून १००० ने गुणायचं. ईआरए५-लँडमध्ये आणखी एक खाच आहे: तिथला पाऊस जागतिक वेळेच्या मध्यरात्रीपासून साठत जाणारा असतो. चोवीस आकड्यांची सरळ बेरीज केली, तर दिवसभर संथ पडलेला पाऊसही दहा-बारा पट फुगतो. आधी लागोपाठच्या तासांची वजाबाकी, मग बेरीज.

महसूल मंडळ पातळीवरची महावेध या राज्य सरकारच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं पीकविमा आणि चालू हंगामासाठी उत्तम आहेत. पण त्यांची मालिका अजून लहान आहे. तिच्यावरून २५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस काढू नका.

पुढचा पाऊस: मूळ मॉडेल, सुधारलेला ग्रिड की कॉर्डेक्स?

सीएमआयपी६ या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या संचातल्या जागतिक मॉडेलांचे चौकोन बहुधा १०० किमी किंवा त्याहून मोठे असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, तर घाट उतरून पलीकडे वाईला हजाराच्या आत. ही दोन्ही गावं आणि पुढचा खटावचा दुष्काळी पट्टा मॉडेलच्या एकाच चौकोनात मावतो. त्या चौकोनातला पाऊस जिल्ह्यातल्या कुठल्याच गावात पडत नाही. मूळ मॉडेलांचा उपयोग मोठं चित्र बघण्यापुरता: देशाचं तापमान किती वाढेल, मॉन्सूनच्या एकूण पावसाची दिशा काय, मॉडेलांचं आपसात किती जमतं. त्यासाठी फायली उतरवायचीही गरज नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या इंटरॅक्टिव्ह अ‍ॅटलासमध्ये १.५, २, ३ आणि ४ अंश तापमानवाढीचे नकाशे तयार आहेत.

सुधारलेले, म्हणजे मॉडेलचा पाऊस मागच्या नोंदींशी जुळवून बारीक केलेले ग्रिड दोन, आणि खरी तुलना इथे आहे. नासाच्या एनईएक्स-जीडीडीपी-सीएमआयपी६ मध्ये तीसहून अधिक मॉडेलं आहेत, सारं जग ०.२५ अंशाच्या चौकोनांत, आणि पाऊस-तापमानाबरोबर आर्द्रता, वारा, सौर किरणंही. आयआयटी गांधीनगरचा संच दक्षिण आशियापुरता आहे: १३ मॉडेलं, रोजचा पाऊस, कमाल आणि किमान तापमान. मॉडेलं अडीच पट म्हणून नासाचा संच उचलण्याचा मोह होतो. पण इथली सुधारणा (बायस करेक्शन) म्हणजे मॉडेलच्या पावसाला एका संदर्भाच्या मापात बसवणं. नासाचा संदर्भ जागतिक आहे, तर गांधीनगरच्या संचात भारतातला पाऊस हवामान विभागाच्या ग्रिडला जुळवलेला आहे. संदर्भात घाटावरचा पाऊस तोकडा असेल, तर २०५० चा पाऊसही तोकडाच येणार. महाराष्ट्रातल्या पावसासाठी गांधीनगरचा संच पुढे ठेवावा, आणि आर्द्रता किंवा वारा हवा असेल किंवा कारखाने अनेक देशांत असतील, तर नासाचा.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतून मिळणारा कॉर्डेक्स दक्षिण आशियाचा डेटा वेगळ्या जातीचा आहे. तिथे जागतिक मॉडेलच्या आत साधारण ५० किमीचं प्रादेशिक मॉडेल चालवलेलं असतं. वारा, ओलावा आणि डोंगर यांचं गणित एकमेकांशी जुळलेलं राहतं, हे त्याचं बळ. पण उपलब्ध संच बराचसा सीएमआयपी५ या आधीच्या पिढीवर आधारलेला आहे, मॉडेलांच्या जोड्या थोड्या आहेत आणि सुधारणा स्वतःलाच करावी लागते. ज्यांच्याकडे जलशास्त्राचं स्वतःचं मॉडेल आणि ते चालवणारं माणूस आहे, त्यांनीच याच्या वाटेला जावं.

कोणताही संच हाती आला की आधी १९८५ ते २०१४ चा काळ हवामान विभागाच्या ग्रिडशी ताडून बघा. जून-सप्टेंबरची बेरीज आणि २.५ मिमीच्या वरचे पावसाचे दिवस गांधीनगरच्या संचात जुळणारच, कारण ते जुळवलेलेच असतात. परीक्षा होते ती सलग तीन दिवसांच्या कमाल पावसाची आणि मोठ्या खंडांच्या लांबीची. मात्र वर्षं जुळवू नका. मॉडेलमधलं २००५ हे आपलं २००५ नव्हे, तीस वर्षांची वाटणी तेवढी ताडायची.

चुका ठरलेल्या असतात. मूळ मॉडेलचा पाऊस प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद किलोग्रॅममध्ये येतो, ८६,४०० ने गुणल्यावर रोजचे मिमी मिळतात. काही मॉडेलांत लीप वर्ष नसतं, तर ब्रिटिश मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, आणि तारखा जोडताना अख्खी मालिका सरकते. सर्वांत घातक चूक म्हणजे सगळ्या मॉडेलांच्या रोजच्या पावसाची सरासरी काढणं. एकाची अतिवृष्टी दुसऱ्याच्या उघडिपीत विरते आणि रोज रिमझिम पडणारा, कधीही पूर न आणणारा पावसाळा तयार होतो. प्रत्येक मॉडेलचा कमाल पाऊस वेगळा काढा आणि मग त्या आकड्यांची मध्यक किंमत आणि दोन्ही टोकं बघा.

कोणत्या निर्णयाला काय

शेततळी, बंधारे, पीकपद्धत: हे निर्णय दहा-पंधरा वर्षांचे. एवढ्या काळात मॉन्सूनची नैसर्गिक चढ-उतार बदलाच्या खुणेपेक्षा मोठी असते, आणि मॉडेलं पावसाच्या दिशेवरही एकमत करत नाहीत. भविष्याच्या फायलींवर वेळ घालवू नका. मागच्या ४० वर्षांत २१ दिवसांपेक्षा मोठा खंड किती वेळा आणि कोणत्या आठवड्यांत पडला ते मोजा, आणि साठवण त्यातल्या वाईट वर्षांना पुरेल अशी ठेवा.

नाले आणि पूल यांचं गणित निराळं. काम पन्नास वर्षं टिकायचं आणि पाऊस लागतो तासाचा, किंबहुना पंधरा मिनिटांचा. वर तुलना केलेले दोन्ही सुधारलेले ग्रिड रोजचे असल्याने इथे थेट चालत नाहीत. स्थानिक स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या वार्षिक कमाल नोंदींवरून तीव्रतेचा वक्र (किती वेळात आणि किती वर्षांतून एकदा किती पाऊस) काढा आणि त्यावर वाढ चढवा. तापमान १ अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मुंबईच्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल निचरा प्रकल्पात धरलेल्या ताशी ५० मिमीवर २ अंशांची वाढ धरली, तर ताशी ५७ मिमी होतात. तासाचा पाऊस याहून वेगाने वाढू शकतो, म्हणून ३० टक्के वाढीची, म्हणजे ताशी ६५ मिमीची चाचणीही चालवा आणि पाणी नेमकं कुठे तुंबतं ते नकाशावर मांडा. किनाऱ्यावर भरतीची पातळी याच चाचणीत घालावी. २६ जुलैलाही भरती ४.४८ मीटरची होती.

कंपन्या अहवालासाठी एसएसपीची, म्हणजे भविष्यातल्या उत्सर्जनाच्या परिस्थितीची, निवड करण्यात महिने घालवतात. २०२१ ते २०४० या काळात आयपीसीसीच्या पाचही परिस्थितींत जगाची तापमानवाढ १.५ ते १.६ अंशांवरच येते, आणि फरक पडतो तो शतकाच्या शेवटी, १.४ पासून ४.४ पर्यंत. २०४० पर्यंतच्या जोखमीला एकच परिस्थिती पुरे. त्यापुढे साल न धरता तापमानवाढीची पातळी धरा: प्रत्येक मॉडेल २ अंश कधी ओलांडतं ते बघून त्याभोवतीची वीस वर्षं घ्या. सीएमआयपी६ मधली काही मॉडेलं गरजेपेक्षा जास्त तापतात, त्यांचा अतिरेक या पद्धतीत आपोआप आवरतो.

जोखमीचा नकाशा बाहेरून विकत घेत असाल, तर चार गोष्टी लेखी मागा: मॉडेलं कोणती, सुधारणेचा संदर्भ कोणता, मागच्या कोणत्या काळाशी ताडून बघितलं, आणि मॉडेलांमधली दोन्ही टोकं किती. ‘९० मीटरवर पूरजोखीम’ असं लिहिलेलं असेल, तर ते ९० मीटर जमिनीच्या उंचीच्या नकाशाचे असतात. त्यावर ओतलेला पाऊस २७ किमीच्या चौकोनाचाच असू शकतो, आणि शेजारशेजारच्या दोन प्लॉटांना वेगळी जोखीम दाखवणारा रंग पावसाचा नसून उताराचा असतो.