रील, ब्रॉडकास्ट लिस्ट की छापील पत्रक: बेळगाव भागातल्या दुकानाने गिऱ्हाईक टिकवायला काय निवडावं?

गणपत गल्लीपासून निपाणी-खानापूरपर्यंत, जिथे गल्ला पुढच्या पिढीच्या हातात आलाय, तिथे हा वाद ठरलेला. मुलगा म्हणतो रील टाकूया. वडील म्हणतात पेपरात पत्रक घाल, सगळ्या गावात जातं. तेवढ्यात कुणीतरी एजंट येतो आणि पाच हजार मेसेज स्वस्तात पाठवून देतो म्हणतो. तिघेही तीन वेगळ्या गोष्टी विकत असतात. नवा माणूस पायरीवर आणणं हे एक काम. एकदा आलेला माणूस पुढच्या वर्षी कोल्हापूरला न जाता, किंवा फोनवरच खरेदी न उरकता, परत आपल्याकडे येणं हे दुसरं. इथली तुलना या दुसऱ्या कामापुरती आहे.

माझं मत आधीच सांगतो. आहे ते गिऱ्हाईक धरून ठेवायचं असेल तर पहिली व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट, दुसरं छापील पत्रक आणि रील तिसरी. काही धंद्यांत हा क्रम उलटतो, ते शेवटी येईलच.

दर ठरावीक दिवशी गिऱ्हाइकाला काहीतरी उपयोगाचं द्यायचं आणि त्यातून नातं टिकवायचं, ही कल्पना मोबाइलसोबत आलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावातच. पुढे लोखंडी नांगर आले, 1910 मध्ये बस्तान किर्लोस्करवाडीला हललं आणि 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती हे निमित्त, पण मालापलीकडचंही वाचायला मिळू लागलं आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगराची जाहिरात एकदा वाचून माणूस बाजूला ठेवतो. मासिकाची वाट बघतो.

ब्रॉडकास्ट लिस्ट

एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात. मेसेज प्रत्येकाला सुटा जातो, यादीत आणखी कोण आहे ते कुणाला दिसत नाही आणि उत्तर थेट तुमच्याकडे येतं. दुकानदाराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं हे उत्तरच. “हाच काठ मोरपंखीत आहे का?” असा प्रश्न आला की अर्धी विक्री झालेली असते.

मोठी अडचण एकच. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि तसं कुणी तुम्हाला येऊन सांगतही नाही. म्हणून बिलाच्या वहीतले जुने नंबर रात्री बसून भरण्यात अर्थ नाही. बिल करताना विचारायचं, “दर सोमवारी साडीची निगा आणि नवीन माल कळवतो, चालेल का? चालत असेल तर नंबर सेव्ह करून ‘हो’ एवढंच टाका.” त्या ‘हो’मुळे दोन कामं होतात. मेसेज पोचायची सोय होते, आणि परवानगीची नोंद राहते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा गिऱ्हाइकाच्या संमतीवरच उभा आहे, त्यामुळे ही सवय आत्तापासून लागलेली बरी.

यादी हळू भरते. असं विचारलं की काही जण नाही म्हणतात. म्हणू द्यावं. हो म्हटलेले दोनशे जण विकत घेतलेल्या पाच हजार नंबरांपेक्षा भारी पडतात. आणि त्या एजंटचं काय? बाहेरच्या सॉफ्टवेअरने एकगठ्ठा मेसेज पाठवणं व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमात बसत नाही. नंबर बंद पडला तर बोर्डावर, पिशवीवर, कॅलेंडरवर वर्षानुवर्षं छापलेला तोच नंबर जातो. हा सौदा मला कुठल्याही भावात महागच वाटतो.

256 च्या वर गेलात तर दुसरी लिस्ट करा, किंवा चॅनल काढा. चॅनल भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आलं. माणसांची मर्यादा नाही, नंबर सेव्ह असण्याची अट नाही, फॉलो करणाऱ्याचा नंबर इतर फॉलोअरना कळत नाही. पण चॅनलचा मजकूर गप्पांमध्ये न येता अपडेट्सच्या पानावर जाऊन पडतो, आणि लिस्टसारखं सुटं उत्तर तिथे येत नाही. दुकानाला चॅनल म्हणजे रस्त्यावरचा फळा, जाता-येता कुणी बघितला तर बघितला. ग्रुप मात्र काढू नका. त्यात 1024 माणसं मावतात हे खरं, पण आठवडाभरात त्यातच कुणी प्लॉट विकायला लागतं, कुणी निवडणुकीवर भांडतं, आणि शिव्या दुकानाच्या नावाने जातात.

भाषेचा प्रश्न, जो पुण्यातल्या सल्लागाराला सुचत नाही

सीमाभागात माध्यम निवडताना हा मुद्दा सगळ्यांत जड आहे, असं माझं मत. दुकानाच्या पाटीचं कायद्याने ठरलंय: 2024 च्या दुरुस्तीनुसार फलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये हवा. फोनवर गिऱ्हाइकाला जाणाऱ्या मजकुराला ती अट नाही, तिथे गिऱ्हाइकाची सोय बघायची. आणि गिऱ्हाईक एकाच भाषेचं नसतं. शहापूरची काकू मराठी वाचते. बैलहोंगलहून आलेलं कुटुंब कन्नड वाचतं. चंदगडहून बस्त्याला आलेल्यांना कन्नड अक्षर लागत नाही. चौथा प्रकार बोर्डरूममध्ये बसलेल्यांना माहीतच नसतो: घरात अस्सल मराठी, पण शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. अशा मुला-मुलींना मराठी मेसेज समजतो, पण वाचायचा कंटाळा येतो.

ब्रॉडकास्ट लिस्ट इथे सरळ जिंकते. मराठीची एक, कन्नडची एक, अशा दोन लिस्ट करता येतात. चौथ्या प्रकारासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायचा, काउंटरवर बोलता तसाच, “काय वैनी, पाऊस लागला, कपाटातल्या साड्या एकदा बाहेर काढा बघू” अशा सुरात. वाचण्याचा प्रश्न मिटतो, शिवाय आवाज ओळखीचा असतो. रीलमध्ये बोलायची भाषा एकच निवडावी लागते. खाली दुसऱ्या भाषेची अक्षरं घालता येतात, पण मग ती दर वेळी घालणारा माणूस हवा. पत्रक दोन्ही बाजूंनी छापता येतं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. खर्च वाढतो, पण भांडण होत नाही.

रील

रील वाईट नाही. टिकटॉकवर बंदी आल्यावर 2020 मध्ये ती आली आणि गल्लीबोळातल्या दुकानांना गोवा-पुण्यापर्यंत दाखवायची सोय झाली. नवा माणूस आणायला आज एवढं स्वस्त दुसरं काही नाही. पण ती कुणाला दाखवायची हे तुम्ही ठरवत नाही, इन्स्टाग्राम ठरवतं. वीस हजार जणांनी बघितली म्हणून तुम्ही खूश, आणि त्यात तुमचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक एकही नाही, असं सहज घडू शकतं. टिकवण्याच्या कामात हीच मोठी खोट.

दुसरी खोट म्हणजे हात. रीलला चेहरा लागतो, उजेड लागतो, कापाकापी करणारा लागतो. बहुतेक दुकानांत तो घरचा मुलगा किंवा पुतण्या असतो आणि तो नोकरीला बेंगळुरूला गेला की पान तिथेच थिजतं. शेवटची पोस्ट दोन दिवाळ्यांपूर्वीची, आणि खाली कुणीतरी विचारलेला भाव अजून उत्तराची वाट बघतोय, अशी पानं थोडं शोधलं तर ढिगाने सापडतील. बंद पडलेलं पान बघून लोकांना दुकानच बंद पडलं असं वाटतं. त्यापेक्षा ते नसलेलं बरं.

छापील पत्रक, कॅलेंडर, पेपर

वडिलांचं म्हणणं इतक्यात मोडीत काढू नका. कागद कुणी ब्लॉक करत नाही. कीटकनाशकाच्या बाटलीसोबत दिलेलं एक पानी पत्रक शेतकऱ्याच्या खिशातून शेतघरातल्या खुंटीवर जातं आणि हंगामभर तिथेच राहतं. दुकानाचं कॅलेंडर स्वयंपाकघरात बारा महिने टांगलेलं असतं. त्यावर देवाच्या फोटोखाली नुसतं दुकानाचं नाव न छापता दर महिन्याच्या पानावर कामाची चार वाक्यं घातली, तर तेही नियमित मजकूरच झालं, आणि एकदा लिहिलं की वर्षाची चिंता नाही.

उणं एवढंच की कुणी वाचलं ते कळत नाही, चूक सुधारता येत नाही आणि पैसे आधी मोजावे लागतात. पेपरात घालून वाटलेलं पत्रक तर बहुधा चहाच्या कपाखाली जातं. काउंटरवरून हातात दिलेलं पत्रक आणि पेपरातून पडलेलं पत्रक यांत फार फरक आहे. पेपरात पैसे घालायचेच असतील तर त्याच वारी, त्याच कोपऱ्यात, छोटीच पण दर आठवड्याला जागा घ्या. ‘तरुण भारत’ इथे 1919 पासून निघतो आणि पान उलगडायची सवय घराघरात मुरलेली आहे. वर्षातून एकदा दिवाळीला अर्धं पान घेण्यापेक्षा ते परवडतं.

एसएमएसचं थोडक्यात. नोंदणी, ठरलेला मजकूर आधी मंजूर करून घेणं, जाहिरातीचे मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 मध्येच, आणि देवनागरीत एका मेसेजला 70 अक्षरं. इतक्या खटपटीत छोट्या दुकानाने पडू नये. साध्या फोनवाली गिऱ्हाइकं पुष्कळ असतील तर त्यांना सरळ फोन करा.

पाठवायचं काय?

माध्यमावर एवढा खल करून बहुतेक जण इथे येऊन अडतात आणि मग रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ सुरू होतं. ते पाठवणाऱ्याला लोक शिव्या देत नाहीत, मुकाट्याने म्यूट करतात, आणि पुढे खरा मेसेजही त्यात बुडतो.

शेतीच्या दुकानाला विषय शोधावे लागत नाहीत, नक्षत्रंच पुरवतात. वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे रात्री जमिनीतून वर येतात आणि कडुलिंब-बाभळीवर गोळा होतात. त्याच संध्याकाळी उसाच्या शेतकऱ्याला “आज रात्री झाडं हलवून भुंगेरे गोळा करा, प्रकाश सापळा लावा” असा मेसेज गेला, तर त्याचं मोल खताच्या कुठल्याही सवलतीहून जास्त. सोयाबीन पेरायच्या आधी: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चालेल. यात दुकानाचा तोटाच दिसतो, कारण घरचं बियाणं चांगलं निघालं तर पिशवी खपत नाही. पण असा सल्ला देणाऱ्याकडेच माणूस पुढे औषध घ्यायला येतो. खानापूरच्या भातवाल्यांना करप्याची सूचना, निपाणीकडे तंबाखूच्या रोपांची. एकच मेसेज दोन्हीकडे ढकलू नका.

कापडवाल्याकडेही विषय आहेत, फक्त तो त्यांना विषय समजत नाही. जरीच्या साडीची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, नाहीतर घडीवर चिरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळावी. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, ती काळवंडते. गडद रंगाची साडी पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात. एवढं तुम्ही काउंटरवर रोज बोलता. तेच एकेक करून पाठवायचं, आणि असे तीन मेसेज गेल्यावर चौथा नव्या मालाचा.

किती वेळा? शेतीला खरिपात दर आठवड्याला, उन्हाळ्यात महिन्याने एकदा पुरे. कापडाला पंधरवड्याने. वार मात्र बदलू नका. आठवड्याचा बाजार ज्या दिवशी भरतो त्याच्या आदल्या संध्याकाळी मेसेज गेला तर त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी दिसतो.

मग कुणी काय घ्यावं?

कृषी सेवा केंद्राने डोळे मिटून ब्रॉडकास्ट लिस्ट आणि हंगामाला एक छापील पत्रक. रीलच्या वाटेला जाऊ नये.

रोजच्या वापराच्या कापडाचं दुकान: लिस्ट, दोन भाषांत. बस्त्याचं मोठं दुकान असेल तर क्रम उलटा. बस्ता बांधून गेलेलं घर पुढची काही वर्षं तसं येत नाही, तेव्हा त्यांच्या पाहुण्यांपर्यंत पोचायला रीलच बरी. मात्र त्या घराच्या लग्नाची तारीख वहीत टिपून ठेवा आणि पहिल्या वाढदिवसाला दोन ओळींचा मेसेज त्यांनाच, सुटा पाठवा.

कुंदा, करदंट, फरसाणवाल्यांचं अर्धं गिऱ्हाईक गोवा-पुण्याकडे जाणारं असतं. त्यांना रील आणि चॅनल चालेल. गावातल्या नेहमीच्यांसाठी मात्र गणपती, दसरा, दिवाळीच्या आधी ऑर्डर घेणारी छोटी लिस्ट हवीच, कारण आगाऊ ऑर्डर तिथूनच येते.

किराणा दुकानाने यातलं काहीच करू नये. ज्याचं गिऱ्हाईक रोज सकाळी दुधाला दारात येतं, त्याने मेसेज पाठवण्यापेक्षा उधारीची वही नीट ठेवावी. पाठवायचंच असेल तर नवा तांदूळ आला की एक फोटो स्टेटसला, चोवीस तासांत आपोआप जातो.