रिसिव्हर घ्यावा की सेपरेट्स?

रिसिव्हर म्हणजे सगळ्या जोडण्या आणि स्पीकर चालवणारा ॲम्प एकाच डब्यात; सेपरेट्स म्हणजे तीच कामं वेगवेगळ्या डब्यांत. टीव्ही जोडायचा आहे का, ते आधी ठरवा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल आणि पाच स्पीकर असतील तर एव्ही रिसिव्हरच घ्या. तेच काम सेपरेट्सकडून करून घ्यायचं तर प्रोसेसर (आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटणारा डबा) आणि पाच चॅनलचा, म्हणजे पाच स्पीकर चालवणारा, पॉवर ॲम्प घ्यावा लागतो, आणि खर्च कुठल्या कुठे जातो. नुसती गाणी ऐकायची, स्पीकर दोनच, तर मात्र रिसिव्हरमधल्या निम्म्या गोष्टींचे पैसे फुकट जातात.

खरा घोळ वॉटचा. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा एकच चॅनल चालवून, 6 ओमवर (ओम म्हणजे स्पीकरचा विद्युत विरोध), 1 किलोहर्ट्झला, 10 टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) गृहीत धरून मोजलेला असतो. पाहायचा आकडा तो नव्हे. ‘8 ओम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू’ ही ओळ शोधा. रिसिव्हरमध्ये सगळ्या चॅनलना एकच ट्रान्सफॉर्मर पुरवठा करतो, त्यामुळे पाचही एकदम जोरात वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. स्पीकर 4 ओमचे असतील तर करंट जास्त ओढला जातो, रिसिव्हर तापतो आणि ऐन रंगात प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला, बंद पडतो. अशा स्पीकरना स्वतंत्र पॉवर ॲम्प शोभतो. पण 50 वॉटवरून 100 वर गेल्याने आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, तेव्हा निव्वळ वॉटसाठी सेपरेट्स घेऊ नका.

सेपरेट्सची डोकेदुखी म्हणजे हम. डबे वाढले, वायरी वाढल्या की ग्राउंड लूप (डब्यांच्या अर्थ जोडण्यांतून फिरणारा करंट) होतो आणि 50 हर्ट्झची घुमघुम सुरू होते. आधी केबल टीव्हीची कोॲक्सिअल वायर काढून पाहा, बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. मग सगळे डबे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. प्लगची अर्थ पिन काढून हम घालवणारे महाभाग असतात. तसं करू नका, शॉक बसेल. आणि पॉवर ॲम्प सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद, नाहीतर स्पीकरमधून धप्प आवाज येतो.

टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल तर फोनो इनपुट, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारी जोडणी, आहे का पाहा. साध्या लाइन इनपुटला एमएम कार्ट्रिजचे (सुई बसवलेल्या भागाचे) चार-पाच मिलिव्होल्ट पुरत नाहीत. आवाज बारीक आणि बेसशिवाय येतो.

जुनं व्हायचं म्हटलं तर रिसिव्हर आधी होतो. एचडीएमआयची नवी आवृत्ती आली की तो मागे पडतो, आणि त्याचा बोर्ड बिघडला तर सहसा अख्खा बदलावा लागतो. चांगला स्टिरिओ ॲम्प वीस वर्षं सहज वाजतो.

म्हणून टीव्ही आणि गाणी दोन्ही हवं असेल तर प्री-आउट (बाहेरच्या पॉवर ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) असलेला रिसिव्हर घ्या. पुढच्या दोन स्पीकरसाठी पॉवर ॲम्प नंतर जोडता येतो. तो लावला की रिसिव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरचे आवाज आपोआप जुळवणं) पुन्हा करा, कारण नव्या ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो ते, वेगळा असतो आणि पुढचे स्पीकर बाकीच्यांवर कुरघोडी करतात.