काल-आज-उद्याचं झाड : रोप मागवा, किट नको

रोपाला पाचपैकी चार तारे, पॅकिंगला पाच, आणि सोबत माथी मारलेल्या किटला एक. तो एकही पिशवी मजबूत निघाली म्हणून. धुऊन तिच्यात आता मी तुरीची डाळ ठेवते.

झाड ब्रुनफेल्सिया. नर्सरीवाले त्याला ‘यस्टरडे टुडे टुमारो’ म्हणतात, मी काल-आज-उद्या म्हणते. फूल उमलतं तेव्हा गडद जांभळं असतं, दुसऱ्या दिवशी फिकट होतं, तिसऱ्या दिवशी पांढरं. एकाच झुडपावर तिन्ही रंग एका वेळी दिसतात. आमच्या वरूड तालुक्यात मला ते कुठे मिळालं नाही. शेंदुरजनाघाटला रोपवाटिका पुष्कळ, पण तिथला सगळा जीव संत्र्याच्या कलमांत. शोभेचं विचारलं की जास्वंद, टगर, एक्झोरा, बोगनवेल. एकाने ब्रुनफेल्सिया हे नाव शांतपणे ऐकून घेतलं आणि मोगरा दाखवला. शेवटी मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मिळून केरळातल्या एका ऑनलाइन नर्सरीतून दोन रोपं मागवली. रोप 320 रुपये, किट 240, कुरिअर 150. किट घेतलं तर कुरिअर फुकट, म्हणून दोघींनी किटसकट घेतलं. सासूबाईंनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, “कायले व एवढे पैसे घातले? जास्वंदीले का फुलं येत नाहीत?”

पॅकिंगबद्दल मनापासून चांगलं लिहिते. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, पार्सल वरूडला जाऊन सोडवावं लागतं आणि तोवर ते तिथेच कुठेतरी पडून असतं. तरीही खोक्यातून रोपं ताठ निघाली. कुंडीचं तोंड पातळ प्लॅस्टिकने बांधलेलं, त्यामुळे मातीचा कणही सांडला नव्हता. खोड काडीला सैल बांधलेलं, खोक्याला हवेची भोकं, खालची बाजू कोणती ते चारही अंगांनी लिहिलेलं. चार-दोन पानं गळाली, ती प्रवासात गळणारच. रोप वीतभर उंच, दोन फांद्यांचं, मुळं कुंडीच्या कडेपर्यंत आलेली. साइटवरच्या फोटोतलं फुलांनी लदलेलं झुडूप मिळेल असं समजून कोणी मागवू नये. शिवाय फोटोत फुलं चक्क निळी दिसतात, ती तशी नसतात. फोटोवर कोणीतरी हात फिरवलाय.

आता किट. त्यात लाल मातीची पिशवी, हाडांच्या चुऱ्याची पुडी, ‘ब्लूम बूस्टर’ नावाचं काहीतरी आणि एक छापील कार्ड. कार्डावर लिहिलंय: लाल मातीत लावा, महिन्याला एक चमचा हाडांचा चुरा द्या, भरपूर ऊन द्या, रोज पाणी घाला. छापणाऱ्याने हे आपल्या अंगणात उभं राहून लिहिलं असावं. त्याच्याकडची माती आंबट, पाऊस उदंड, हवा दमट. तिथे हे सगळं चालत असेल. आमच्याकडे जमीन काळी, खाली चुनखडी, सामू (म्हणजे पीएच; सातच्या खाली माती आंबट, वर गेली की चुन्याकडची) आठच्या आसपास, बोअरचं पाणी असं की पातेल्याला पांढरा थर धरतो, आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. ब्रुनफेल्सियाला आंबट माती लागते, सामू साडेपाच ते साडेसहा. मूळचं ते ब्राझीलच्या ओल्या जंगलातलं, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात त्याला ‘भरपूर ऊन’ दिलं तर संध्याकाळपर्यंत पापड होईल.

संत्र्याची बाग सांभाळणाऱ्या बाईला हे कार्ड वाचूनच शंका येते. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे आमच्या भागात लहान पोरही ओळखतं. जमिनीत लोह नसतं असं नाही. असतं, पण सामू चढला की ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात हाडांचा चुरा घातला म्हणजे कॅल्शियम आणि स्फुरद (फॉस्फरस) आणखी वाढलं, आणि स्फुरद जास्त झालं की लोह उचलायला आणखी अडचण. म्हणजे आंबट माती मागणाऱ्या झाडाला किटवाला स्वतःच चुन्याकडे ढकलतो, आणि त्याचे 240 रुपये घेतो.

मी किट बाजूला ठेवलं. धुतलेला कोकोपीट, दोन वर्षं कुजलेला पालापाचोळा आणि निचऱ्यासाठी विटांचे बारीक खडे एवढ्यावर रोप लावलं. बागेतली काळी माती चिमूटभरही घातली नाही. जाऊबाई मात्र छापलेल्या शब्दावर श्रद्धा ठेवणाऱ्या. त्यांनी कार्डाप्रमाणे सगळं केलं, वर चांगली जड सिमेंटची कुंडी आणली. सिमेंटच्या नव्या कुंडीतून चुना पाझरतो. आपल्याकडे दर आठवडी बाजाराच्या रस्त्यावर त्या रंगवून विकायला असतात, गुलाबाला चालून जातात, पण या झाडाला नको. प्लॅस्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग बरी.

दिवाळी सरेपर्यंत दोन्ही झाडं सारखीच दिसत होती. थंडीत जाऊबाईंच्या झाडाची शेंड्याची पानं लिंबाच्या रंगाची झाली, शिरा हिरव्या. लाल मातीचं उन्हाने ढेकूळ झालं होतं, पाणी घातलं की कडेकडेने निघून जायचं आणि मधला गोळा कोरडाच. त्यांनी नर्सरीला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ब्लूम बूस्टर’चा डोस वाढवा. ग्राहकसेवेला मी दोन तारे देते, कारण उत्तर त्याच दिवशी आलं. उपयोगाचं नव्हतं, ते सोडा.

इथे एका वस्तूची शिफारस करते, ती किटात असायला हवी होती. लोहाचे चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवणारी संयुगं, बऱ्याच प्रकारची मिळतात; त्यातल्या दोघांबद्दल सांगते. ईडीटीए स्वस्त असतो, पण सामू साडेसहाच्या वर गेला की लोह त्याच्या हातून सुटतं. पानांवर फवारायला तो ठीक. आमच्या पाण्या-मातीत मुळाशी द्यायचा तो ईडीडीएचए. सामू 9 पर्यंत गेला तरी तो लोह धरून ठेवतो. कृषी केंद्रात मागितला तर मालकाने ईडीटीएचाच डबा पुढे केला. “ताई, संत्र्याले चालते, फुलझाडाले का नाही चालत?” पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका, समोर सगळ्यांवर ‘आयर्न’ एवढंच मोठं छापलेलं असतं. ईडीडीएचए महाग पडतो, पण एका कुंडीला लिटरभर पाण्यात एक ग्रॅम पुरतो, छोटं पाकीट सहज वर्षभर जातं. पाण्यात टाकला की पाणी लालभडक होतं, फरशीवर सांडू देऊ नका. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकून पाहावा असं कोणी सुचवेल. चुनखडीत तो थोड्या वेळात गंजून निकामी होतो.

जाऊबाईंच्या झाडाची कुंडी बदलली, मुळांभोवतीचं ढेकूळ पाण्यात बुडवून सोडवलं, माझ्यासारखं मिश्रण भरलं आणि हे लाल पाणी दिलं. नवी पानं हिरवी आली.

मिश्रण कितीही चांगलं केलं तरी रोज बोअरचं पाणी घातलं की सामू हळूहळू चढतोच. आम्ही पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पाणी ड्रममध्ये धरतो, डासांसाठी वर जाळी बांधतो. ते संपलं की गावातल्या आरओ मशीनचा कॅन, एका कुंडीला लागतं तरी किती. पण आरओ मशीनच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार गोळा झालेले असतात. तीच गोष्ट कूलरची. उन्हाळ्यात घरोघरी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून झाडांना ओततात. कूलरमध्ये नुसतं पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे ते पाणी बोअरपेक्षाही वाईट. आणि चुलीची राख! आमच्या सासूबाईंचा सगळ्या झाडांवरचा एकच उपाय. राखेने सामू आणखी चढतो. त्या रोज सकाळी राखेची पाटी घेऊन निघतात, म्हणून ही कुंडी मी त्यांच्या वाटेवरून उचलून न्हाणीच्या मागे नेली. तिथे सकाळचं ऊन दहा वाजेपर्यंत मिळतं आणि नंतर कडुनिंबाची सावली. मार्चपासून वर हिरवी पन्नास टक्क्यांची शेडनेट. मे महिन्यात कोरड्या हवेने लाल कोळी लागतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारत राहिलं की आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूणही आला होता, तो कपाशीवाल्यांच्या ओळखीचाच, निंबोळी तेलाने गेला.

फुलं. होळीच्या आसपास आली, संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या बहाराची, फुलं गळून बारीक फळ धरलं होतं तेव्हा. आधी आठवडाभर झाडाने बरीच जुनी पानं टाकली. जाऊबाई घाबरल्या, पण कळ्या सुटल्यावर त्यांच्याही लक्षात आलं. पाकळ्यांच्या मध्यभागी पांढरा डोळा असतो आणि जांभळं फूल सकाळच्या तिरप्या उन्हात असं काही दिसतं की दूधवाला सायकल टेकवून विचारायला आला. सासूबाई तेव्हापासून “तुझं झाड” म्हणत नाहीत, “आपलं झाड” म्हणतात. पहिला बहर पंधरवडाभर टिकला, पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा थोडी फुलं आली. बहर ओसरला की शेंडे हलके छाटावेत, नव्या फुटीवर पुढच्या कळ्या येतात. मोठ्या कुंडीची घाई करू नये, मुळं जरा दाटलेली असली की फुलं जास्त येतात. वाढ मात्र फार हळू. संत्र्याच्या कलमाचा वेग डोळ्यासमोर ठेवलात तर कंटाळाल.

साइटवर ‘तीव्र मोहक सुगंध’ लिहिलंय. साफ खोटं म्हणणार नाही, पण नाक फुलाजवळ न्यावं लागतं. रात्री घर भरून टाकणारा वास याच कुळातल्या ब्रुनफेल्सिया अमेरिकानाचा. ती वेस्ट इंडिजकडची, फुलं पांढरी, पुढे पिवळसर होणारी. नर्सरीने एकीचा वास दुसरीच्या नावावर खपवलाय.

मी एक तारा कापला तो याहून गंभीर गोष्टीसाठी. ब्रुनफेल्सिया विषारी आहे. वांगी, मिरची, टोमॅटोच्याच कुळातलं, पण धोतराही त्याच कुळातला, हे विसरू नये. सगळं झाड विषारी, फळं आणि बिया जास्तच. कुत्र्यांनी ती खाऊन त्यांना झटके आल्याच्या, कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत. ज्या घरात अंगणात कुत्रा, शेळी आणि रांगतं पोर एकाच वेळी मोकळं असतं, त्या घरी हे झाड पाठवताना कार्डावर एक ओळ नको का? हाडांच्या चुऱ्यावर चार ओळी आहेत. तोच चुरा वासाने कुत्र्याला कुंडीकडे ओढतो आणि तो माती उकरतो, ही आणखी एक गंमत. आमच्याकडे फळ दिसलं की लगेच तोडून खड्ड्यात पुरतो आणि कुंडी उंच ओट्यावर ठेवली आहे. छाटलेल्या फांद्याही गुरांच्या चाऱ्यात जाणार नाहीत हे पाहते. मी नर्सरीला याबद्दल लिहिलं. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या किटवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं.

मागवायचं असेल तर पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये मागवा. एप्रिल-मे महिन्यात ‘समर सेल’ लागतो, तेव्हा रोप शंभर रुपयांनी स्वस्त असतं, पण कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवस पडून ते काय होऊन हातात येईल ते सांगायला नको. पैसे परत मिळण्यासाठी खोकं उघडतानाचा न थांबता काढलेला व्हिडिओ मागतात, तो वरूडहून घरी आल्यावर न विसरता काढा. रोप जगलं की पावसाळ्यात त्यावरच गुटी बांधता येते, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून नवं रोप करता येतं. आमच्या बागेत कलमाचे डोळे भरायला येणाऱ्या माणसाने जाऊबाईंच्या झाडावर एक बांधून दिली आहे, मुळं सुटायला वेळ लागतोय, पण हिरवी आहे.

पोळा झाला की त्याच नर्सरीतून अमेरिकाना मागवणार आहे. किटाशिवाय, कुरिअरचे दीडशे वेगळे भरून.