केडीचा १४८ नंबरचा कपलर: एचओ वाघिणींसाठी खात्रीचा माल, पण बसवताना शिस्त हवी

एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर मालगाडी चालवताना डोकेदुखी होते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे किंवा कंट्रोलरमुळे नव्हे, तर दोन वाघिणींच्या मधल्या बोटभर जागेमुळे. पंधरा वाघिणींची गाडी चढाला लागते आणि नवव्या वाघिणीमागून तुटते. यार्डात शंटिंग करताना वाघीण जोडली जाण्याऐवजी नुसती पुढे ढकलली जाते. स्वस्त किटमधले प्लास्टिकचे कपलर, म्हणजे वाघिणी जोडणारे आकडे, असले की हे ठरलेलंच. त्यांच्या जागी केडीचा १४८ नंबरचा धातूचा कपलर बसवणं हा वाघिणीवर करता येणारा सगळ्यात फायद्याचा बदल आहे. मात्र जुना उपटला आणि नवा ठोकला, असं चालत नाही. उंची, कपलरचा दांडा धरणारी पेटी आणि खालची पिन या तीन गोष्टी जमल्या नाहीत, तर हा उत्तम कपलरही प्लास्टिकच्याच पंगतीत जाऊन बसतो.

केडी ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या व्हाइट सिटीची कंपनी. कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. त्यांचा ५ नंबरचा कपलर कित्येक वर्षं या छंदातलं प्रमाण मानला गेला. १४८ हा त्याचाच पुढचा अवतार. डोकं तेच, दांड्याची लांबी तीच, म्हणजे ९/३२ इंच, सुमारे ७.१ मिमी. फरक आहे तो कपलर मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंगमध्ये. ५ नंबरला पेटीत पितळी रंगाची वेगळी पत्री स्प्रिंग आधी बसवावी लागते. ती तिरकी बसली की कपलर एका बाजूला अडकतो. १४८ च्या दांड्यालाच दोन्ही बाजूंना बारीक तारेच्या मिशा असतात. त्या पेटीच्या भिंतींवर टेकतात आणि कपलर आपोआप मध्यावर येतो. सुटा भाग एक कमी, चुकायची जागाही एक कमी. नवीन काम करायचं असेल तर सरळ १४८ घ्या. ५ नंबर फक्त जुन्या वाघिणीची दुरुस्ती करताना लागेल, जिथे आधीची पेटी आणि पत्री दोन्ही शाबूत आहेत.

पाकिटात कपलरांच्या दोन जोड्या आणि त्यांच्या पेट्या येतात, म्हणजे दोन वाघिणींचं काम होतं. पेट्या प्लास्टिकच्या, २४२ नंबरच्या, झाकण कट्‌कन बसणाऱ्या. कपलरचं ओतकाम स्वच्छ असतं, तरी वापरण्याआधी दांड्यावरून नख फिरवून बघा. साच्याच्या जोडाची बारीक धार हाताला लागली, तर बारीक कानशीचे दोन-तीन हात पुरतात. ही धार पेटीच्या तोंडाशी घासते आणि कपलर मध्यावर यायला कुचराई करतो. मग दोष मिशांवर ढकलला जातो.

प्लास्टिकचे कपलर का फसतात, हे समजून घेतलं तर पैसे कशाचे मोजतोय ते कळतं. त्यांची मध्यावर आणणारी स्प्रिंग म्हणजे त्याच प्लास्टिकची बारीक काडी. वाघीण वळणावर किंवा डब्यात तिरक्या कपलरने बरेच दिवस पडून राहिली, की ती काडी तशीच वाकून राहते. शिवाय लांब गाडीचा ताण आला की प्लास्टिकचा जबडा किंचित लवतो आणि एक कपलर दुसऱ्यावरून वर सरकतो. धातूच्या जबड्यात ही लवचिकता नसते. म्हणून गाडीतले सगळे कपलर एकदम बदलणं परवडत नसेल, तर इंजिनाजवळच्या वाघिणींपासून सुरुवात करा. सगळ्या गाडीचा भार तिथेच येतो.

कपलरला हात लावण्याआधी चाकं बदलून घ्या. हा क्रम उलटा झाला की काम दोनदा करावं लागतं. खऱ्या ३३ इंची चाकाच्या मापाऐवजी ३६ इंची मापाचं चाक घातलं, तर वाघीण जवळजवळ अर्धा मिमी वर उचलली जाते, आणि कपलरच्या जुळणीत अर्धा मिमी म्हणजे फार झालं. धातूची चाकं, आरपी-२५ या प्रमाण घडणीची, बोगीत (वाघिणीखालच्या, चाकं धरणाऱ्या वळत्या चौकटीत) मोकळी फिरतात का ते बघा, एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या गेजवर (मापपट्टीवर) त्यांच्यामधलं अंतर तपासा. मग वजन. एनएमआरएची शिफारस आरपी-२०.१ अशी: सुरुवातीला १ औंस, आणि वाघिणीच्या दर इंच लांबीला अर्धा औंस. ४० फुटी बंद वाघीण एचओत १४ सेंमी भरते, म्हणजे तिचं वजन सुमारे १०६ ग्रॅम हवं. ५० फुटीचं १२६ ग्रॅम. वजनाची पट्टी जमिनीलगत, दोन बोग्यांच्या मधे चिकटवा, छताखाली नको.

आता पेटी. काही वाघिणींत कपलर बोगीच्याच पुढे आलेल्या जिभेला जोडलेला असतो. गाडी ओढताना तो बरा वागतो, पण मागे ढकलताना सगळा जोर बोगी तिरकी करण्यात जातो आणि चाक सांध्यावर, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी, रूळ सोडतं. अशा वाघिणीत १४८ बोगीच्या जिभेवर बसवण्यात अर्थ नाही. जीभ कापून टाका, वाघिणीच्या तळाला स्टायरीन प्लास्टिकचा ठोकळा चिकटवा आणि पेटी त्यावर स्क्रूने बसवा. २-५६ मापाच्या स्क्रूसाठी ५० नंबरच्या ड्रिलने, म्हणजे १.७८ मिमीचं भोक पाडा आणि टॅपने आटे घ्या. प्लास्टिकमध्ये टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवा. एका दमात फिरवला तर उष्णतेने प्लास्टिक चिकटतं आणि आटे फाटतात. केडीचा २४६ नंबरचा टॅप-ड्रिल संच नेमका याच मापासाठी आहे, दहा-बारा वाघिणी करायच्या असतील तर तो घ्याच.

पेटी गोंदाने चिकटवायचा मोह टाळा. सायनो (झटपट चिकटणारा) गोंद झाकणाच्या फटीतून आत झिरपतो आणि कपलर कायमचा जखडतो. स्क्रू असला तर पेटी पुन्हा उघडता येते, आणि ती कधी ना कधी उघडावी लागतेच. आत तेलही नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो. सुकी ग्रॅफाइटची पूड चिमूटभर टाकायची, कपलर दहा-वीस वेळा इकडून तिकडे हलवायचा आणि जास्तीची पूड झटकून टाकायची. केडीची २३१ नंबरची पूड यासाठीच मिळते.

किटमध्ये पेटी तळाशीच घडवलेली असेल तर १४८ थेट तिच्यात घालून बघायला हरकत नाही. पण पेटी रुंद असेल तर मिशा भिंतींना धड टेकत नाहीत आणि कपलर डुलत राहतो. अशा वेळी घडीव पेटी कापून केडीची पेटी बसवणं हाच उपाय. त्यात अर्धा तास जातो, पण तो वाचवायला गेलेल्यांचे कपलर नंतर दर खेळीला बोटाने सरळ करावे लागतात.

उंचीसाठी २०५ नंबरचा गेज लागतोच, डोळ्यावर विसंबू नका. एचओत कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे सुमारे ९.९ मिमी उंच हवा. २०५ धातूचा आहे, तो दोन्ही रुळांना एकत्र जोडून शॉर्ट करतो, म्हणून ठेवण्याआधी वीज बंद करा. २०६ नंबरचा गेज वीजरोधक आहे, चालू रुळावर वापरायचा असेल तर तोच घ्या. वाघीण गेजला भिडवा आणि दोन्ही जबड्यांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत का ते समोरून बघा.

समजा कपलर खाली आहे. इथे बहुतेक जण लगेच बोगी आणि तळ यांच्या मधे वॉशर घालतात. थांबा. आधी नखाने कपलरचं डोकं हलकेच वर उचलून बघा. ते सहज वर जाऊन गेजशी जुळत असेल, तर वाघीण खाली नाहीच, कपलर पेटीत लोंबतोय. झाकण नीट बसलं नसेल किंवा पेटी गरजेपेक्षा खोल असेल. झाकण दाबा, गरज पडल्यास दांड्याखाली पातळ स्टायरीनची चकती ठेवा. वॉशर घातला तर लोंबणारा कपलर गेजवर जुळल्यासारखा दिसतो, पण ओढ लागली की वर येतो आणि वाघीण उगाच उंच होऊन बसते. डोकं उचलूनही वर येत नसेल, तरच वॉशरचा विचार करा. हे वॉशर ०.०१० आणि ०.०१५ इंच जाडीचे मिळतात, म्हणजे पाव मिमी आणि ०.३८ मिमी. दोन्ही बोग्यांना सारखेच घाला. उलट, कपलर वर असेल तर पेटी आणि तळ यांच्या मधे स्टायरीनची पट्टी द्या, पेटी खाली येते. फरक मोठा असेल तर वॉशर आणि पट्ट्यांची चळत रचू नका, दांडा वर किंवा खाली सरकवलेले कपलर केडीकडे आहेत, त्यातला घ्या.

बोग्यांचे स्क्रू इथेच जुळवून घ्या. एक इतकाच आवळा की बोगी फक्त वळेल, दुसरा थोडा सैल, म्हणजे ती बोगी डावी-उजवीकडे कलेलही. तीन टेकूंवर उभी राहिलेली वाघीण खडबडीत रुळावरही चाकं सोडत नाही.

खालची वाकडी तार, म्हणजे ट्रिप पिन, ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी दिसते आणि चुंबकाने जोड सोडवण्याचं काम करते. तिचं टोक रुळाच्या माथ्यापासून सुमारे ०.८ मिमी वर हवं. गेजची खालची पट्टी तेच सांगते. पिन खाली आली की सांध्याच्या आणि क्रॉसिंगच्या रुळांत अडकते, आणि माणूस विनाकारण सांधा खोलत बसतो. वाकवण्यासाठी २३७ नंबरची पक्कड वापरा. साध्या पकडीने ओढाताण केली तर पिन डोक्यातून सैल होते आणि मग पुन्हा कधीच एका जागी टिकत नाही.

चुंबकांच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: मुख्य मार्गावर कायमचे चुंबक नकोत. रुळांच्या मधे बसणारा ३२१ यार्डात छान चालतो. वाघीण चुंबकावर थांबवा, थोडी ढील द्या, जोड सुटला की वाघीण पुढे कुठेही ढकलून सोडा. पण मुख्य मार्गावर गाडीने वेग कमी केला आणि ढील पडली, की त्याच चुंबकावर गाडी नको तिथे दुभंगते. तिथे ३०९ नंबरचा विजेवर चालणारा चुंबक बसवा, बटण दाबलं तरच तो जागा होतो. आणखी एक अडचण चाकांची. आस पोलादी असेल तर चुंबक तिलाही ओढतो आणि हलकी वाघीण आपसूक सरकत येते. चाकं घेतानाच आस चुंबकाला चिकटत नाही याची खात्री करा. चुंबक अजिबात नको असतील तर बांबूची टोकदार काडी जबड्यांच्या मधे वरून घालून किंचित फिरवा, जोड सुटतो. मग पिन कापून टाकली तरी बिघडत नाही, वाघीण उलट जास्त खरी दिसते.

याच दिसण्यावरून १४८ ला एक उणा गुण द्यावा लागतो. डोकं प्रमाणापेक्षा मोठं आहे. जवळून फोटो काढणाऱ्यांना ते खटकेल, त्यांनी १५८ घ्यावा. मिशा तशाच, डोकं लहान. दोन्ही एकमेकांशी जुळतात. पण डोकं लहान म्हणजे जोडताना चुकीला वावही कमी, त्यामुळे १८ इंच त्रिज्येच्या वळणांवर रोज शंटिंग करणाऱ्यांसाठी १४८ च बरा. युरोपीय धाटणीच्या वाघिणींना एनईएम या युरोपीय प्रमाणाची कपलर-खाच असते. तिच्यात १४८ बसत नाही, तिथे केडीचे १७ ते २० नंबरचे कपलर लांबी बघून घ्या.

रंगकामात कपलरला विसरू नका, पण रंग पातळ ठेवा. गंजाच्या तपकिरी रंगाचा पाणीदार हात डोक्यावर आणि पेटीच्या तोंडावर द्या. जबड्याची आतली बाजू, स्प्रिंग आणि दांडा कोरडेच ठेवा. रंग ओला असतानाच टूथपिकने जबडा चार-पाच वेळा उघडझाप करा, नाहीतर तो वाळून चिकटतो. वाघीण उघडलेलीच आहे तर टोकाच्या भिंतीवरच्या जाड घडीव दांड्या तासून ८० नंबरच्या ड्रिलने भोकं पाडा आणि ०.०१२५ इंची तारेच्या दांड्या बसवा. कपलर उघडण्याची दांडी तारेची करायची असेल तर ती डोक्यापासून आणि पिनपासून मोकळी राहील अशी वाकवा, नाहीतर वळणावर ती कपलरला धरून ठेवते. नवे नंबर लावताना आधी त्या जागी चकाकी वार्निश, मग डेकल (पाण्याने चिकटणारं छापील नंबरपत्र), वरून ते मऊ करणारं मायक्रो सोल आणि शेवटी मॅट वार्निश. वार्निश फवारताना कपलरवर चिकटपट्टी गुंडाळा.

जबड्यातली बारीक स्प्रिंग कधीतरी उडतेच. तिचा नंबर ६२२, एक पाकीट जवळ असू द्या. ती बसवताना वाघीण आणि दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सुरीचं टोक स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवून आधी एक टोक खुंटीवर, मग दाबून दुसरं. निसटली तर पिशवीतच सापडते.