कातलेल्या लाकडाला रंग द्यायचा तर कोणता? स्पिरिटचा, पाण्याचा, तेलाचा की लाखेचा

सागाला रंगाची गरज नसते, हे आधीच सांगून टाकतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा चांगला साग हाती लागला असेल तर तेल-मेण लावा आणि मोकळे व्हा. नव्या संसद भवनासाठी नागपूरहून साग नेला, तो काही त्यावर निळा रंग फासायला नव्हे. रंगाचा प्रश्न येतो तो आंबा, शिवण, कडुनिंब अशा लाकडांचा. वाडगा, दिवा, डबी, भोवरा लेथवरून, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावरून, उतरतो तेव्हा आकार सुरेख असतो, पण अंगावर बघण्यासारखं फारसं काही नसतं.

दुकानात सगळ्यालाच ‘स्टेन’ म्हणतात, पण डब्यात दोन वेगळ्या जाती असतात. एकात रंग पूर्ण विरघळलेला असतो. तो लाकडात मुरतो आणि रेषा झाकत नाही, उलट उठून दिसतात. हा डाय. दुसऱ्यात रंगाची बारीक पूड तेलात किंवा पाण्यात तरंगत असते. ती लाकडाच्या छिद्रांत आणि पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसते. हे पिगमेंट. कातकामात ओरखडे गोलाकार पडतात, त्यामुळे पिगमेंट लावलं की पेपर नीट न मारल्याचा पुरावाच वस्तूभोवती कड्यांसारखा उमटतो. भडक, पारदर्शक रंग हवा असेल तर माझं मत सरळ डायला. पिगमेंटची एकच बाजू भक्कम आहे: ते उन्हात सहसा लवकर उडत नाही.

डाय ठरला तरी पाण्यातला की स्पिरिटमधला, हा प्रश्न उरतोच, आणि इथे नागपूरचा ऋतू मध्ये येतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना स्पिरिट फडक्यावरच उडून जातं. वाडग्याला एक फेरी पूर्ण होईपर्यंत सुरुवातीची कड वाळलेली असते, आणि जिथे दोन्ही कडा भेटतात तिथे गडद पट्टा पडतो. छोट्या डबीला, पेनाला, भोवऱ्याला हे चालतं. लेथ हळू फिरवत फडकं टेकवलं की काम क्षणात होतं. मोठ्या वाडग्याला उन्हाळ्यात पाण्यातलाच डाय घ्या. तो सावकाश वाळतो, कडा मिसळायला वेळ देतो. मात्र पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून रंगाआधी नुसत्या पाण्याचा हात फिरवायचा, वाळू द्यायचं, 320 चा पेपर हलकेच मारायचा आणि मगच रंग. पावसाळ्यात उलटं: पाण्याचा रंग वाळता वाळत नाही, तेव्हा स्पिरिट सोयीचं. फक्त वरून चपड्याचं (लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं) पॉलिश करणार असाल तर दमट हवेत ते पांढुरकं पडतं. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात बसून पॉलिश करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, आणि दोष मात्र चपड्याला मिळतो.

वाडगा पाटासारखा एकसारखा रंग पीत नाही. आडव्या धरलेल्या ठोकळ्यातून कातलेल्या वाडग्याला समोरासमोर दोन जागी तंतूंची तोंडं उघडी असतात. तिथे रंग घटाघट शोषला जातो आणि दोन काळपट डाग दिसतात. तेवढ्याच भागावर आणखी बारीक पेपर मारा, किंवा चपडा स्पिरिटमध्ये खूप पातळ करून आधी एक हात द्या.

साध्या आंब्याला जिवंत करणारी एक पद्धत मला सगळ्यात आवडते. पूर्ण वस्तूला आधी गडद रंग, काळा किंवा गडद तपकिरी. वाळला की पेपर मारून वरचा बराचसा काढून टाकायचा. छिद्रांत आणि मऊ पट्ट्यांत तो उरतो, रेषा शाईने काढल्यासारख्या दिसतात. त्यावर पिवळा, मग काठाकडे केशरी, अगदी काठावर लाल. शेजारचे रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळायचे. हे पारदर्शक डायनेच जमतं. पिगमेंटचे थर एकमेकांवर चढवत गेलात तर चिखल होतो.

तेलातला स्टेन लावायला सर्वात सोपा, डाग-पट्टे कमी. पण भडक निळा-हिरवा हवा असेल तर निराशा होते, त्याची ताकद तपकिरी छटांतच. असा स्टेन किंवा जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नकोच ती परीक्षा. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

लाखेची गोष्ट निराळी. रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. रंग आणि चमक एका झटक्यात मिळते. पण रेषा पूर्ण झाकल्या जातात, त्यामुळे ही साध्या, घट्ट लाकडालाच शोभते. उष्णतेने लाख मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवायची किंवा गरम चहा ठेवायची वस्तू असेल तर विसरा.

काळा रंग विकत घेऊच नका. लोखंडी तारेचा काथ्या व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवा, झाकण सैल ठेवा, कारण वायू तयार होतो. गाळलेलं पाणी बाभळीवर लावलं की तिच्यातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, मिळून ते काळं होतं. आंब्यात टॅनिन कमी, त्याला आधी कडक चहाचा किंवा हिरड्याच्या काढ्याचा हात द्या.

हळदीचा मोह अनेकांना होतो. रंग सुंदर येतो, पण उजेडात लवकर उडतो. खिडकीत ठेवायच्या वस्तूला साधा स्वस्त भुकटी रंगही टिकत नाही. तिथे मेटल कॉम्प्लेक्स (रंगाच्या रेणूत धातू बांधलेला) डाय मागून घ्या, तो बराच जास्त टिकतो.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे विदर्भातल्या मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैलांची चाकं कातून रंगवणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. ती चाकं मुलांच्या हातात, कधी तोंडात जातात. त्यात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. विकणार असाल तर आधी ती नोंदणी बघा, आणि खेळण्यांसाठी सुरक्षित असं लिहिलेलाच रंग घ्या. खायच्या वाडग्याला रंग फक्त बाहेरून द्या, आत नुसतं खाण्याचं जवस तेल, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत वापर नको.