आपला तो बाब्या : दोन सुयांचा मॉइश्चर मीटर

कापसाच्या हंगामात हा दीड-दोन हजारांचा मीटर बहुतेक जण घेतात ते व्यापाऱ्याची लबाडी पकडायला. त्या कामाला तो बेताचाच आहे. आपल्याच गंजीत किती ओल आहे हे पाहायला मात्र बरा.

दोन सुयांमधून जाणाऱ्या विजेला माल किती अडवतो, त्यावरून हा ओल सांगतो. म्हणून कापूस किती दाबला त्यावर आकडा फिरतो. मोकळा कापूस कमी दाखवतो, तोच गच्च दाबला की आकडा चढतो, आणि हात घामेजला असेल तर आणखी. घरी भरदुपारी गंजीवरचा सुटा कापूस मोजायचा, जिनिंगवर, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, गाडीच्या मधला दाबलेला थर मोजला जातो, आणि खोटा ठरतो तो समोरच्याचाच मीटर! वाद घालायचाच तर एकाच मुठीवर दोन्ही मीटर लावून घाला.

मोजताना गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाच ठिकाणचा कापूस काढा, प्लास्टिकच्या डब्यात भरा, वर दरवेळी तेच वजन ठेवा आणि सुया पूर्ण खुपसा. तीनदा मोजून सरासरी धरा. वेचल्या दिवशीचा आकडा धरू नका. रुई सुकलेली दिसते, पण ओल्या सरकीतली ओल झाकून ठेवल्यावर रुईत उतरते.

सीसीआयचा, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाचा, हिशेब सरळ आहे. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्याला टक्का कपात, १२ च्या वर खरेदी नाही. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८११० रुपये हमीभावावर ११ टक्क्यांना क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे जातात. हे पैसे बऱ्याचदा घरीच गेलेले असतात: दहिवर सुकायच्या आत वेचणी, ओल्या भुईवर ताडपत्रीशिवाय गंजी, भिंतीला टेकलेला कापूस. वजनासाठी पाणी शिंपडणाऱ्यांनी तर मीटरला नावे ठेवूच नयेत.

मीटर खरा की खोटा हे पाहायला १०० ग्रॅम कापूस सोनाराच्या काट्यावर मोजा, प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. ९० ग्रॅम उरला तर ओल १० टक्के. घरच्या चुलीवर हा खटाटोप नको, कापूस पेट घेतो.

डब्यावर लाकडाचे चित्र असेल तर तो मीटर घेऊ नका. त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. सोयाबीनलाही हा चालत नाही. दाण्याला कपाचा, म्हणजे दाणे कपात भरून मोजायचा मीटर लागतो, तो महाग आहे, चार घरांनी मिळून घेतला तर परवडतो. बॅटरी उतरली की आकडा डळमळतो, आणि हंगाम संपल्यावर ती आतच राहिली तर गळून पत्र्या गंजतात.